वास येणारे धोके, न येणारे धोके

रात्री झोपण्यापूर्वी दाराची कडी दोनदा तपासणाऱ्या घरातही गॅसचा रेग्युलेटर बंद केला आहे की नाही, हे पाहिले जातेच असे नाही. चोराची भीती वाटते. शेगडी, गीझर आणि विजेचे बटण यांची मात्र सवय झालेली असते. या वस्तूंपासून उद्भवणारे काही धोके आधी इशारा देतात, काही देत नाहीत. हा फरक जाणून घेतला, तर अनेक अपघात टाळता येतात.

स्वयंपाकाचा गॅस

सिलिंडरमधील एलपीजी हे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन या वायूंचे मिश्रण असते. त्याला स्वतःचा वास जवळपास नसतो. गळती कळावी, यासाठी त्यात इथिल मर्कॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळले जाते. हवेत या वायूचे प्रमाण सुमारे दोन टक्के झाले, तरी एक ठिणगी स्फोटाला पुरेशी ठरते. तो हवेपेक्षा जड असल्याने ओट्याखाली, जमिनीलगत साचतो. पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू मात्र हवेपेक्षा हलका असल्याने छताकडे जातो. त्यामुळे वरचा झरोका बुजवणे धोक्याचे ठरते.

वास येताच विजेचे कोणतेही बटण लावू नये आणि लावलेले बंदही करू नये. दोन्ही वेळा ठिणगी उडू शकते. एक्झॉस्ट पंखा लावण्याचा मोह टाळावा. देवापुढील निरांजन, उदबत्ती विझवावी. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर पडल्यावरच दूरध्वनी करावा. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. गळतीची जागा शोधताना काडी कधीही ओढू नये. साबणाचा फेस लावल्यास बुडबुडे येऊन ती जागा कळते. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी, तडे दिसल्यास त्याआधीच बदलावी. सर्दी झालेल्या व्यक्तीला किंवा वृद्धांना वास उशिरा जाणवतो, हेही ध्यानात ठेवावे.

न्हाणीघरातील अदृश्य वायू

गॅस गीझरचा धोका याहून फसवा आहे. बंद, लहान न्हाणीघरात गीझरची ज्योत तेथील प्राणवायू वापरू लागते. तो कमी पडला, की ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही लक्षणे थकव्याची वाटतात. धोका लक्षात येईपर्यंत दाराची कडी काढण्याचेही त्राण उरत नाही. थंडीत खिडकी बंद असते आणि घरातील माणसे एकापाठोपाठ एक आंघोळीला जातात, तेव्हा हा वायू साचत जातो.

यावर खात्रीचा उपाय एकच : गॅस गीझर न्हाणीघराबाहेर, हवा खेळती असलेल्या जागी बसवावा आणि त्याचा धूर थेट घराबाहेर जाईल, अशी व्यवस्था करावी. तो आतच असेल, तर दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा आणि आत साचलेली हवा बाहेर गेल्यावर आंघोळीला जावे. हाक मारूनही आतून उत्तर न आल्यास दार तोडून त्या व्यक्तीला तातडीने मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

विजेची गळती

घरात ‘एमसीबी’ आहे, म्हणजे विजेचा धक्का बसणार नाही, हा गैरसमज आहे. जादा भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यास एमसीबी तारांचे रक्षण करतो. माणसाचे रक्षण करते ते ‘आरसीसीबी’ हे उपकरण. ३० मिलिअँपिअर क्षमतेचे हे उपकरण तेवढी गळती होताच क्षणार्धात वीजपुरवठा तोडते. त्यावरील ‘टेस्ट’चे बटण दाबल्यावर वीज गेली नाही, तर ते निकामी झाले आहे, असे समजावे. अर्थिंगची तपासणी परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घ्यावी. पाणी तापवण्याचा रॉड लावलेला असताना पाण्यात बोट घालून पाहू नये; आधी बटण बंद करून प्लग काढावा.

महिन्यातून एकदा एवढे पाहावे

- गॅसच्या नळीवरील तारीख आणि तडे
- नवा सिलिंडर घेताना त्यावरील चाचणीची मुदत. ‘ए’ ते ‘डी’ ही अक्षरे वर्षाच्या चार तिमाही दर्शवतात, त्यापुढील अंक वर्ष
- न्हाणीघरातील झरोका उघडा आहे का
- आरसीसीबीचे ‘टेस्ट’ बटण
- सैल प्लग आणि तापणारे सॉकेट

या तपासणीला दहा मिनिटे पुरतात. ती कोणी करायची, हे मात्र घरात ठरलेले असावे. अन्यथा प्रत्येक जण दुसऱ्याने पाहिले असेल, असे गृहीत धरतो.