ॲनफील्ड क्रीडागाराचा विस्तार

ॲनफील्ड क्रीडागार : इंग्लंडमधील एक ऐतिहासिक फुटबॉल क्रीडागार. ते लिव्हरपूल शहराच्या उत्तर भागात, स्टॅन्ली पार्क या उद्यानाच्या दक्षिणेस, कामगारवस्तीच्या दाट घरओळींमध्ये वसले आहे. १८८४ पासून येथे फुटबॉलचे सामने होत असून १८९२ पासून ते लिव्हरपूल फुटबॉल क्लबचे घरचे मैदान आहे. या क्रीडागाराचा विस्तार सव्वाशेहून अधिक वर्षे टप्प्याटप्प्याने होत गेला. प्रत्येक टप्प्यात केवळ जागांची संख्याच बदलली असे नाही, तर सामना पाहण्याची रीत, प्रेक्षकवर्गाचे स्वरूप आणि भोवतालच्या वस्तीचे जीवन यांतही पालट घडून आला.

प्रारंभी हे मैदान एव्हर्टन या क्लबकडे भाडेपट्ट्याने होते. मद्यनिर्माते व स्थानिक राजकारणी जॉन होल्डिंग यांच्याशी भाड्यावरून व कारभारावरून मतभेद झाल्यामुळे एव्हर्टन क्लब १८९२ मध्ये उद्यानाच्या पलीकडील गुडिसन पार्क येथे गेला. रिकाम्या मैदानासाठी होल्डिंग यांनी लिव्हरपूल क्लबची स्थापना केली. या क्लबने १९०६ मध्ये दुसऱ्यांदा राष्ट्रीय साखळी स्पर्धेचे अजिंक्यपद मिळविले. त्याच वर्षी मैदानाच्या एका टोकास भराव घालून उभ्याने सामना पाहण्यासाठी पायऱ्यांचा प्रचंड उतार रचण्यात आला. त्यास ‘स्पायन कॉप’ हे नाव पडले. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात याच नावाच्या टेकडीवर जानेवारी १९०० मध्ये बोअर सैन्याशी झालेल्या लढाईत लँकाशरमधील पलटणींचे अनेक सैनिक मारले गेले होते. त्यांची स्मृती या नावात आहे. (याच लढाईत मोहनदास गांधी यांच्या पुढाकाराने उभारलेल्या भारतीय शुश्रूषापथकाने जखमींना वाहून नेण्याचे काम केले होते.) १९२८ मध्ये कॉपवर छत घालण्यात आले. तेव्हा तेथे जवळजवळ ३०,००० लोक उभे राहू शकत.

कॉपवरील प्रेक्षक बहुतांशी गोदी, कारखाने व लगतच्या वस्त्या यांतील होते. प्रवेश स्वस्त असे आणि सामन्याच्या दिवशी दारावर पैसे देऊन आत जाता येई. मुलांसाठी कॉपच्या एका कोपऱ्यात जाळीने वेगळा केलेला भाग होता. कोणाची जागा ठरलेली नसल्याने मित्र, शेजारी व नातलग दर सामन्यास एकाच ठिकाणी जमत. १९६० नंतरच्या दशकात, बिल शँक्ली हे व्यवस्थापक असताना, येथील सामूहिक गायन प्रसिद्धीस आले. ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे मूळचे एका अमेरिकन संगीतिकेतील गीत स्थानिक गायकवृंदाने १९६३ मध्ये ध्वनिमुद्रित केले आणि कॉपने ते आपलेसे केले. छताखाली दाटीने उभा राहिलेला हा समुदाय क्लबच्या कीर्तीचा एक भागच बनला. मात्र या दाटीत गैरसोय व धोकाही होता. २ फेब्रुवारी १९५२ रोजी वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स संघाविरुद्धच्या सामन्यास ६१,९०५ प्रेक्षक उपस्थित होते. ॲनफील्डवरील उपस्थितीचा हा उच्चांक आहे.

उभ्याने सामना पाहण्याच्या पद्धतीचा शेवट एका दुर्घटनेमुळे झाला. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड येथील हिल्सबरो क्रीडागारात लिव्हरपूल व नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील उपांत्य सामन्याच्या वेळी जाळीबंद भागात चेंगराचेंगरी झाली. तीत लिव्हरपूलच्या ९७ प्रेक्षकांचा अंत झाला. त्यांपैकी शेवटचा मृत्यू २०२१ मध्ये झाला. २०१६ मध्ये मृत्यूंच्या फेरचौकशीतील पंचांनी मृतांचा बळी बेकायदेशीरपणे गेल्याचा निर्णय दिला व प्रेक्षकांना निर्दोष ठरविले. न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९० च्या अहवालानुसार वरिष्ठ श्रेणीतील क्रीडागारे संपूर्णपणे आसनयुक्त करण्यात आली. उभे राहणाऱ्यांना परवडतील असे आसनांचे दर ठेवणे शक्य आहे, असेही टेलर यांनी नमूद केले होते. तथापि पुढील काळात दर झपाट्याने वाढत गेले. ३० एप्रिल १९९४ रोजी नॉर्विच सिटीविरुद्धच्या सामन्यात कॉपवर प्रेक्षक शेवटचे उभे राहिले. त्या जागी बांधलेल्या नव्या स्टँडमध्ये सुमारे १२,४०० आसने बसविण्यात आली. सुरक्षितता वाढली, परंतु जागा निम्म्याहून कमी झाल्या. क्रमांकित आसनांमुळे जुने घोळके विखुरले आणि आयत्या वेळी दारावर पैसे देऊन आत शिरण्याची सोय संपली.

यानंतर विस्ताराची गरज आर्थिक कारणांनीही भासू लागली. इतर मोठ्या क्लबांच्या तुलनेत सुमारे ४५,००० आसनांचे उत्पन्न अपुरे पडे. परंतु मैदानाच्या भोवती घरे असल्याने वाढीस वाव नव्हता. केमलिन रोड या रस्त्यावरील घरे क्लबने पूर्वीच क्रमाक्रमाने खरेदी केली होती. तेथील एका घरातील दोन भगिनींनी घर सोडण्यास दीर्घकाळ नकार दिल्यामुळे त्या बाजूचे काम रखडले आणि दुमजली शतकमहोत्सवी स्टँड १९९२ मध्येच पुरा होऊ शकला (२०१७ मध्ये त्यास खेळाडू व व्यवस्थापक केनी डाल्ग्लिश यांचे नाव देण्यात आले). पुढे स्टॅन्ली पार्कमध्ये नवे क्रीडागार बांधण्याची योजना मांडण्यात आली. ती दहा वर्षे रेंगाळली. या अनिश्चिततेच्या काळात लोथेअर रोड व लगतच्या गल्ल्यांतील अनेक घरे रिकामी, खिडक्यादारांना पत्रे ठोकलेल्या अवस्थेत राहिली आणि मागे उरलेल्या रहिवाशांना वस्तीची अवकळा पाहावी लागली. ऑक्टोबर २०१२ मध्ये नव्या मालकांनी स्थलांतराचा विचार सोडून जुन्या जागीच विस्तार करण्याचे ठरविले. त्यासाठी घरांच्या काही ओळी पाडण्यात आल्या.

सप्टेंबर २०१६ मध्ये मुख्य स्टँडचा विस्तार पूर्ण होऊन क्रीडागाराची क्षमता सुमारे ५४,००० झाली. नव्या जागांपैकी मोठा हिस्सा भोजन व विशेष आतिथ्यासह विकल्या जाणाऱ्या महाग आसनांचा होता. त्या स्टँडमधील सर्वांत महाग सामान्य तिकीट ७७ पौंडांचे राहील, असे जाहीर होताच संघटित विरोध सुरू झाला. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी संडरलंडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला सुमारे १०,००० प्रेक्षक उठून बाहेर पडले. त्या वेळी २–० असा आघाडीवर असलेला संघ अखेरीस २–२ अशा बरोबरीत अडकला. काही दिवसांतच मालकांनी क्षमायाचना करून दरवाढ मागे घेतली. विस्तारासाठी घातलेले भांडवल कोणाकडून वसूल करावयाचे, हा या प्रसंगातील खरा प्रश्न होता. तिकिटांच्या दरांवरून २०२४ मध्येही निषेध झाला व एका युरोपीय सामन्याच्या वेळी कॉपवर नेहमीचे ध्वज फडकले नाहीत.

ॲनफील्ड रोडच्या बाजूच्या विस्तारास २०२१ मध्ये प्रारंभ झाला. मुख्य कंत्राटदार कंपनी २०२३ मध्ये आर्थिक अडचणींमुळे कोसळल्याने काम लांबले. डिसेंबर २०२३ मध्ये वरच्या मजल्याचा काही भाग खुला झाला व २०२४ मध्ये हा टप्पा पूर्ण होऊन एकूण क्षमता सुमारे ६१,००० झाली. दरम्यान २०२१ मध्ये कॉपच्या काही भागांत कठडे असलेली आसने बसविण्यात आली. अशा भागांत परवान्याने उभे राहण्यास इंग्लंडमध्ये २०२२ पासून मुभा मिळाल्याने जुन्या रीतीचा एक अंश नियंत्रित स्वरूपात परत आला.

शेजारच्या एव्हर्टन क्लबच्या पुरुष संघाने २०२५ मध्ये गुडिसन पार्क सोडून मर्सी नदीकाठच्या जुन्या गोदीत बांधलेल्या क्रीडागारात प्रवेश केला. एकाच शहरातील या दोन क्लबांनी एकाच प्रश्नाची अशी भिन्न उत्तरे दिली. जागा न सोडल्यामुळे ॲनफील्डची स्मृतिस्थाने, सामन्याच्या दिवशीची रस्त्यांवरील वर्दळ व कॉपचे स्थान टिकून राहिले; त्याची किंमत मात्र बऱ्याच अंशी लगतच्या रहिवाशांनी मोजली. १९५२ चा उच्चांक आणि आजची आसनक्षमता या जवळजवळ समान संख्या आहेत. सात दशकांच्या बांधकामाने गर्दी पूर्वीइतकीच, परंतु सुरक्षितपणे सामावून घेतली. या काळात बदलली ती प्रवेशाची अट : पूर्वी वेळेवर दारापाशी येणे पुरेसे असे, आता आगाऊ नोंदणी, प्रतीक्षा यादी आणि तिकिटाचा दर यांवर प्रवेश अवलंबून असतो.