उक्वा: उसन्या नावाचं फळ

ब्रेडफ्रूट म्हटलं की कोकणी माणसाला नीरफणस आठवतो आणि इतिहास वाचणाऱ्याला 'बाउंटी' जहाज. ताहितीहून ब्रेडफ्रूटची रोपं वेस्ट इंडीजला न्यायची, म्हणजे ऊसमळ्यांवरच्या गुलामांची पोटं स्वस्तात भरतील, असा तो हिशेब होता. १७८९च्या एप्रिलमध्ये त्या जहाजावर बंड झालं. कप्तान ब्लायनं दुसरी खेप केली आणि १७९३ साली रोपं जमैकात उतरवली.

त्या जमैकात बिआफ्राच्या आखातातून जहाजांत कोंबून आणलेले इग्बो लोक मोठ्या संख्येनं होते. त्यांच्या मुलखात त्यांचं स्वतःचं एक झाड होतंच, उक्वा. इंग्रजीनं पुढे त्यालाही 'आफ्रिकन ब्रेडफ्रूट' म्हटलं आणि वनस्पतिशास्त्रानं त्रेक्यूल या फ्रेंच माणसाच्या नावावरून 'ट्रेक्युलिया आफ्रिकाना'. गुलामांसाठी आणलेल्या फळाचं नाव गुलामांच्या गावाकडच्या फळाला! ओलॉडा इक्वियानोचं आत्मचरित्र आलं तेही बंडाच्याच वर्षी, १७८९मध्ये. त्यात इग्बो जेवणाचं वर्णन करताना याम, केळी, शेंगा, मका अशी नावं येतात. उक्वा त्या यादीत नाही. लिहिलेल्या साधनांवरच विसंबलं की असं होतं. म्हणून मला पातेलं हेही एक साधन वाटतं.

एनुगूला आम्ही चार वर्षं होतो, तिथे शेजारच्या बाईंकडून मी उक्वा शिकले. हे झाड फणसाच्याच कुळातलं, फळही तसंच बुंध्याला नि फांद्यांना लगडणारं, दहा-दहा किलोचं. पण गर खायचा नाही. फळ आपोआप पडू द्यायचं, कुजू द्यायचं आणि बुळबुळीत लगद्यातून बिया धुऊन काढायच्या. म्हणजे आपल्या आठळ्याच, फक्त बोटाच्या पेराहून लहान. 'उक्वाची वेळ भरली की तो पडतोच' अशी तिथे म्हणच आहे. (पिकण्याच्या दिवसांत त्या झाडाखाली कुणी बसत नाही, हे वेगळं सांगायला नको.)

बियांना उकळत्या पाण्याचा चटका देऊन, वरून बाटली लाटून साल सोडवतात. मला आता मिळतो तो सोललेला, वाळवलेला उक्वा. तो रात्रभर भिजवायचा आणि सकाळी रोळायचा. आजी तांदूळ रोळायची तसाच, पाणी फिरवून दाणे वरच्यावर दुसऱ्या भांड्यात घ्यायचे, खडे तळाशी राहतात. हे काम घाईत होत नाही. मग भरपूर पाणी आणि चिमूटभर आकान्वू, म्हणजे तिथला खार. आपल्या पापडखाराचा भाऊबंद. जुन्या घरांत त्याऐवजी 'न्गू' घालतात: ताडफळं काढून घेतलेला रिकामा घड जाळायचा आणि त्या राखेचं पाणी गाळून घ्यायचं. तेल व्यापाऱ्याकडे गेलं, १९२९ साली पामच्या उतरत्या भावांनी आणि कराच्या भीतीनं त्या भागातल्या बायका हजारोंनी रस्त्यावर आल्या, पण उरलेला घड चुलीपाशीच राहिला.

दाणा मऊ होईतो ढवळायचं नाही. मीठही नंतर. शिजताना सुटलेलं दाट पाणी पेल्यात काढून आधी प्यायचं. त्याला एक गोडसर, शेंगदाण्यासारखा वास असतो. बाईंच्या मते खरा उक्वा तोच, बाकीचं चावण्यापुरतं. उरलेल्यात पामतेल, मिरची, कडू पाला धुऊन, आणि सुकी मासळी.

ही मासळी, ओक्पोरोको, म्हणजे नॉर्वेतला वाळवलेला कॉड. व्यापारातून ती आधीच आली होती. पण १९६७ ते १९७० या बिआफ्रा युद्धात नाकेबंदीमुळे लाखो माणसं उपाशी मेली, पोरांची पोटं प्रथिनांवाचून फुगली, तेव्हा मदतीच्या विमानांतूनही ती उतरली आणि घराघरांत रुजली. बाई तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. त्या दिवसांबद्दल त्या बोलत नसत. एकदाच, दाणे रोळता रोळता म्हणाल्या, "त्या वर्षी आम्ही फळ पडायची वाट पाहिली नाही, कच्चंच पाडलं."

मी विचारलं, मग शिजलं का?

"शिजलं," त्या म्हणाल्या, आणि तळाचे खडे मोरीत ओतले.