उटणे, साबण आणि नाजूक कांती : एका घरगुती कृतीचा इतिहास

१/ दिवाळी जवळ आली की एक वाक्य घरोघरी ऐकू येते : साबणाने तोंड धुऊ नये, घरचे उटणे सौम्य असते. या वाक्यात अर्धे सत्य आहे. उरलेला अर्धा भाग संवेदनशील त्वचेच्या माणसाला महागात पडू शकतो. ही दोन अर्धुके कुठून आली, हे पाहण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

२/ वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तील दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन आणि स्नान असा क्रम येतो. उद्वर्तन म्हणजे चूर्णाने अंग चोळणे. आजचा ‘उटणे’ हा शब्द याच कुळातला. येथे तेल आधी आणि चूर्ण नंतर, हे विसरता कामा नये. चूर्णाचे काम अंगावरचे जादा तेल व मळ टिपून घेण्याचे. कोरड्या कातडीवर ते घासणे हा क्रमच नव्हता.

३/ सुश्रुतसंहितेत तर चोळण्याचेही प्रकार वेगळे सांगितले आहेत. उद्घर्षण हे कोरड्या चूर्णाचे, उत्सादन हे स्निग्ध लेपाचे, असा भेद टीकाकारांनी उलगडून दाखवला आहे. रुक्ष कातडीला आणि तेलकट कातडीला एकच उपाय चालत नाही, ही जाण त्यात स्पष्ट दिसते. ‘सर्वांसाठी एकच नैसर्गिक फेसपॅक’ ही कल्पना त्यामानाने फारच अलीकडची.

४/ ‘कामसूत्रा’तील नागरकाची दिनचर्या याहून बोलकी आहे. स्नान रोज, उत्सादन एक दिवसाआड, आणि ‘फेनक’ म्हणजे फेस देणारे द्रव्य तिसऱ्या दिवशी. हा नागरक सुखवस्तू, शौकीन पुरुष. त्याला द्रव्यांची वाण नव्हती. तरीही फेस रोज नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लासा’त स्नानभोगाला स्वतंत्र प्रकरणच दिले. स्नान हा तेथे राजाचा उपभोग आहे, आणि ही बाब पुढे उपयोगी पडेल.

५/ कारण ‘पूर्वी सगळेच उटण्याने अंघोळ करत’ ही समजूत पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही. वाळा, नागरमोथा, चंदन, गव्हला कचोरा ही विकतची द्रव्ये. डाळीचे पीठ हे अन्न. ज्या घरात पिठल्याला पीठ मोजून घ्यावे लागे, तेथे ते रोज तोंडाला चोळले जात असेल हे संभवत नाही. पाणी, दगडाची वज्री, केसांना शिकेकाई किंवा रिठा, आणि नरकचतुर्दशीला उटणे, असे चित्र अधिक विश्वसनीय वाटते.

६/ खार मात्र सर्वांना ठाऊक होता. परीट सज्जीखार आणि खारी माती वापरून कपडे धूत. पण खार कपड्यासाठी, कातडीसाठी नव्हे, हा विवेक व्यवहारातच होता. रिठा आणि शिकेकाई यांच्यात सॅपोनिन असते. त्यामुळे खाराशिवायच फेस येतो, आणि त्यांचे पाणी किंचित आम्लधर्मी असते. रिठ्याचे शास्त्रीय नाव ‘सॅपिंडस’. त्याचा अर्थच मुळी ‘हिंदुस्थानी साबण’. अर्थात रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यावर काय होते, हे ज्याने भोगले आहे तो त्याला सौम्य म्हणणार नाही.

७/ ‘साबण’ हा शब्द अरबी ‘साबून’ व पोर्तुगीज ‘साबांव’ यांचा नातेवाईक. वस्तू जुनी, पण तिचा सार्वत्रिक प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. १८८८ मध्ये लिव्हर बंधूंच्या ‘सनलाइट’च्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या, १८९५ मध्ये ‘लाइफबॉय’ आला. सनलाइट हा कपड्यांचा साबण होता. साबणात जनावराची चरबी असते, हा आक्षेप येथे मोठा होता. त्याचे उत्तर म्हणून अर्देशिर गोदरेज यांनी १९१८-२० च्या सुमारास वनस्पती तेलाचा साबण मुंबईत आणला. त्याची शिफारस पुढे रवींद्रनाथ टागोरांनीही केली.

८/ वाद चरबीचा झाला. खाराचा कोणी केला नाही. तेल वनस्पतीचे असो वा प्राण्याचे, साबण खाराशिवाय होत नाही आणि त्याच्या द्रावणाचा सामू साधारण ९ ते १० असतो. त्वचेचा पृष्ठभाग मात्र आम्लधर्मी, सामू ५ च्या आसपास. १९२८ मध्ये जर्मनीत शाडे आणि मार्किओनिनी यांनी या ‘आम्ल-आवरणा’ची संकल्पना मांडली. तोंड धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी का होते, याचे एक उत्तर येथे आहे. साबणविरहित वडी (अमेरिकेतील ‘डव्ह’) बाजारात येण्यास १९५७ उजाडले.

९/ म्हणजे ‘साबण नको’ हे अर्धे सत्य खरे. आता दुसरा भाग. अनेक घरगुती उटण्यांत बावची, म्हणजे बाकुची, असते. श्वित्रावरील, म्हणजे पांढऱ्या डागांवरील, हे जुने औषध. तिच्यातील सोरालेन त्वचेला उन्हाबाबत हळवे करते. औषधाचा गुण त्यातच आहे. लिंबाच्या सालीतही याच जातीची द्रव्ये असतात. लिंबू चोळून उन्हात गेल्यास भाजल्यासारखे डाग पडू शकतात. वैद्याने विचारपूर्वक द्यायचे द्रव्य सौंदर्याच्या कृतीत सहज जाऊन बसले, आणि त्याबरोबर येणारी सावधगिरी वाटेत गळून पडली.

१०/ पीठही निरपवाद नाही. तान्ह्या बाळाच्या अंगावर डाळीच्या पिठाची गोळी फिरवून लव काढण्याची रीत महाराष्ट्रात सर्वदूर होती. आज बालरोगतज्ज्ञ ती टाळण्यास सांगतात, कारण बाळाची कातडी खरचटते. जपानमध्ये तर गव्हाचे जलविघटित प्रथिन मिसळलेला चेहऱ्याचा साबण लोकप्रिय झाला आणि तो वापरणाऱ्या २,००० हून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी जडली. २०११ मध्ये तो परत मागवावा लागला. खाण्याचा पदार्थ तोंडाला लावल्यास अपाय होतच नाही, या भाबड्या श्रद्धेला याहून मोठा धक्का नसावा.

११/ मग जुन्या पद्धतीतले काय टिकते? वस्त्रगाळ केलेले मसुरीचे किंवा हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, दुधात किंवा साध्या पाण्यात सैल भिजवून. तेही आधी तेलाचे बोट फिरवलेल्या चेहऱ्यावर, न घासता, नुसते पसरून धुऊन टाकणे. भिजवलेले पीठ आंबते, म्हणून तेवढ्यापुरतेच कालवावे. लिंबू, बावची, कापूर आणि संत्र्याच्या सालीची भरड संवेदनशील कातडीच्या यादीतून वगळावी. प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबावे. डाळीची ॲलर्जी असणाऱ्याने, किंवा इसब चिघळले असताना, हेही करू नये. तेव्हा त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

१२/ टाटा ऑइल मिल्सचा ‘मोती’ साबण पुढे दिवाळीच्या अभ्यंगस्नानाशी असा काही जोडला गेला, की पहाटेच्या पाटाशेजारी तेलाची वाटी, उटण्याची पुडी आणि साबणाची गोल वडी अशी तिन्ही एकाच ताटात दिसू लागली. खाराचा साबण आणि खार टाळणारे उटणे एकाच अंगावर लागोपाठ लावले जातात. आणि त्या पहाटे तरी कोणाला त्यात विसंगती दिसत नाही.