दयासन आणि प्रायश्चित्त : मंदिरोपासनेच्या मराठी परिभाषेचा विचार

प्राचीन इस्राएलाची मंदिरोपासना ख्रिस्ती परंपरेने केवळ इतिहास म्हणून वाचली नाही. पुढे घडावयाच्या घटनेची छाया म्हणून वाचली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘इब्री लोकांस पत्र’ ह्या ग्रंथात हा अर्थ सर्वांत विस्ताराने आला आहे. असा अर्थ दोन ग्रंथांतील शब्दांच्या जुळणीवर उभा असतो. भाषांतरात ती जुळणी सुटली की अर्थाचा दुवाही सुटतो. मराठीत तसे कोठे घडले आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

यरुशलेमच्या मंदिराचा सर्वांत आतला भाग म्हणजे परमपवित्रस्थान. तेथे कराराचा कोश असे व त्यावर सोन्याचे झाकण. हिब्रूत ह्या झाकणास ‘कप्पोरेत’ म्हणतात. ज्या धातूपासून प्रायश्चित्तवाचक शब्द बनले, त्याच धातूचा हा शब्द. लेवीय ग्रंथाच्या 16व्या अध्यायाप्रमाणे प्रमुख याजकाने वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, आत जाऊन ह्या झाकणावर रक्त शिंपडावयाचे असे. पहिले मंदिर इ.स.पू. 587च्या सुमारास बाबिलोनी सैन्याने उद्ध्वस्त केले. इ.स.पू. 515मध्ये दुसरे मंदिर पुरे झाले, पण त्यात कोश नव्हता. योसेफस ह्या इतिहासकाराच्या साक्षीनुसार परमपवित्रस्थान रिकामेच होते. इ.स. 70मध्ये रोमनांनी तेही मंदिर नष्ट केले.

हिब्रू शास्त्राच्या ग्रीक भाषांतरात ‘कप्पोरेत’साठी ‘हिलास्तेरिओन’ हा शब्द योजला गेला. नव्या करारात तो दोनच ठिकाणी येतो : इब्री लोकांस पत्रात (9:5) त्या झाकणासाठी, आणि रोमकरांस पत्रात (3:25) साक्षात ख्रिस्तासाठी. पौलाच्या मनात तेथे झाकणच होते काय, ह्याविषयी पंडितांत एकमत नाही. परंतु ग्रीक वाचकास शब्द एकच दिसे, आणि प्रश्न निदान उपस्थित तरी होई. प्रचलित मराठी पवित्र शास्त्रात पहिल्या ठिकाणी ‘दयासन’ आहे, दुसऱ्या ठिकाणी ‘प्रायश्चित्त’. दोन्ही शब्द आपापल्या जागी सुबोध आहेत, पण मराठी वाचकापुढे हा प्रश्न येतच नाही. शिवाय ‘दयासन’ ह्या शब्दाने झाकणाचे आसन झाले व प्रायश्चित्ताऐवजी दया पुढे आली. लूथरच्या जर्मन व टिंडलच्या इंग्रजी भाषांतरांत हीच कल्पना आढळते.

परमपवित्रस्थानापुढील पडद्याचीही गोष्ट अशीच. निर्गम ग्रंथाच्या मराठी भाषांतरात त्यास ‘अंतरपट’ म्हटले आहे. विवाहातील अंतरपाट ज्यास ठाऊक आहे, त्यास हे वस्त्र मुहूर्त येताच दूर व्हावयाचे असते, हे सांगावे लागत नाही. ख्रिस्ती अर्थास इतका अनुकूल शब्द क्वचितच सापडेल. परंतु ख्रिस्ताच्या मृत्युसमयी तो दुभंगल्याचे मत्तय सांगतो, तेथे मराठीत साधा ‘पडदा’ आला आहे.

ह्या शब्दांचा श्रोता कोण होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य अहमदनगरास 1831मध्ये सुरू झाले व ‘ज्ञानोदय’ 1842मध्ये तेथूनच निघू लागला. त्याच जिल्ह्यातील शेवगावच्या वायव्येस नेवासे, जेथे 1290मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ईशान्येस, गोदावरीपलीकडे, एकनाथांचे पैठण. द्रव्ययज्ञाहून ज्ञानयज्ञ श्रेष्ठ, हा गीतेच्या चौथ्या अध्यायातील विचार ज्ञानेश्वरीने ह्या प्रदेशात मराठीतून मांडला होता. बाह्य यज्ञाचा आंतरिक अर्थ लावणे येथे नवे नव्हते.

तथापि दोन्ही अर्थ एक नव्हेत. ज्ञानयज्ञ प्रत्येक साधकाने स्वतः करावयाचा असतो; इब्री लोकांस पत्राचे म्हणणे असे की, अर्पण एकदाच झाले आणि त्यात याजक व बली एकच होता. ‘याजक’ म्हणजे दुसऱ्याकरिता यज्ञ करणारा. यज्ञात यजमान, याजक व बली हे सामान्यतः वेगळे असतात. ते वेगळेपण ज्या श्रोत्यास परिचित आहे, त्यासच ह्या विधानातील धक्का जाणवेल. म्हणून ‘याजक’ हा शब्द भाषांतरकारांचे यश मानावा लागतो, आणि ‘दयासन’ व ‘प्रायश्चित्त’ ह्यांमधील तुटलेला दुवा टीपेने तरी जोडावा लागतो.