लाकडात राहिलेली पेशवाई

मराठ्यांच्या इतिहासाची साक्ष काढावयाची झाली म्हणजे आपण दगडाकडे वळतो. रायगडाचा बुरूज, सिंधुदुर्गाचा तट, एखाद्या घाटावरची झिजलेली पायरी. दगड टिकतो, म्हणून त्याची साक्ष सोयीची असते. परंतु माणसे दगडात राहत नव्हती. ती जन्मली, वाढली, रुसली, हसली आणि मेली ती लाकडाच्या छायेत. लाकूड जळते, कुजते, विकले जाते. त्यामुळे त्याचा इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती फार थोडे लागते. ते थोडेच येथे मांडावयाचे आहे.

लाकडाचे मोल त्या काळच्या राज्यकर्त्यांना पुरते कळले होते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी रचलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणात झाडांविषयी मोठा मार्मिक मजकूर आहे. सागासारखे लाकूड तोडावयाचे ते परवानगीने. रयतेच्या आंब्याफणसाला मात्र हात लावावयाचा नाही, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती पोटच्या पोरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण झालेच असेल तर मालकाला राजी करून आणि मोल देऊन न्यावे. तुळई होण्याआधी ते कोणाचे तरी झाड असते, ही जाणीव त्या शब्दांत आहे.

10 जानेवारी 1730 रोजी थोरल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया घातला आणि 22 जानेवारी 1732 रोजी वास्तुशांत झाली. खर्च आला 16,110 रुपये. दगड चिंचवडच्या खाणींतला, चुना जेजुरीचा आणि साग जुन्नरच्या रानातला. पुढे नानासाहेबांच्या काळात वाडा वाढत गेला. कोरीव कमानी, नक्षीची छते, दिवाणखाने यांची जी वर्णने वाचावयास मिळतात, त्यांतला बराचसा भाग सुताराच्या पटाशीचा आहे.

वाड्याची रचना नीट पाहिली तर सुतार हाच त्याचा खरा कर्ता होता हे ध्यानात येते. घराचा भार सर्वस्वी भिंतीवर टाकलेला नसे. दगडी तळखड्यावर लाकडी खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या, आणि त्यावर मातीचा थर देऊन वरच्या मजल्याची जमीन. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. घर किती मोठे हे खणांवरून सांगावयाचे. खांब कुठे सुरूच्या झाडासारखा निमुळता, तर माथ्यावर केळफूल. चौकटीवर गणेशपट्टी, दिंडीला आतून अडणा. सांधे जुळवावयाचे ते एका लाकडाला कुसू काढून आणि दुसऱ्याला खाच पाडून. खिळ्यावर भिस्त फारशी नसे. वाकसाने तासावे, रंध्याने गुळगुळीत करावे, गुण्याने काटकोन पाहावा. इतक्या मोजक्या हत्यारांवर दोनदोन मजले उभे राहिले.

आणि हे करणारा माणूस? गावगाड्यात सुतार हा पहिल्या ओळीतला बलुतेदार. नांगर, पाभर, गाडी दुरुस्त करावी आणि सुगीत खळ्यावरून धान्य न्यावे, असा त्याचा संसार. शहरात वाडे उठू लागले तसा हाच हात नक्षीकडे वळला. शनिवारवाड्याच्या कारागिरांत कोंडाजी सुतार हे एक नाव सांगितले जाते. कोंडाजीचे गाव, त्याचे घर, त्याची मुले यांविषयी इतिहास बोलत नाही. वाड्यात कोणी राज्य केले हे शाळेतले पोरही सांगते. तो वाडा कोणी तोलून धरला, याला उत्तर म्हणून अशी मोजकीच नावे!

17 नोव्हेंबर 1817 रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. 27 फेब्रुवारी 1828 रोजी वाड्याला आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. तट राहिला, दरवाजे राहिले, जोती राहिली. लाकूड वाचले ते मुख्यतः दिल्ली दरवाजावरच्या नगारखान्यात. आज आपण मोकळ्या हिरवळीत ज्या चौथऱ्यांवरून फिरतो, ते वाड्याचे तळवे होत. देह जळून गेला. 1879 साली पुण्यात पुन्हा आगी लागल्या. बुधवारवाडा नाहीसा झाला. दुसऱ्या बाजीरावांच्या विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडचा भाग जळाला. तो मात्र लोकांनी वर्गणी काढून पुन्हा उभा करविला. राज्य जाऊन साठ वर्षे झाली होती. तरी सुरूच्या खांबांसाठी पुणेकरांनी खिशात हात घातला, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढचा घाला आगीचा नव्हता. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला छप्पर मिळाले, हे खरेच. पण मालकाच्या हाती दुरुस्तीपुरताही पैसा येईना. वाळवीला कायदा लागू नव्हता. मग 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, आणि नदीकाठच्या पेठांतल्या मातीत बांधलेल्या भिंती पाण्यात बसल्या. त्यानंतरच्या काळात वाड्यांच्या जागी चाळवजा आणि मग उंच इमारती आल्या. खांब-तुळया जुन्या लाकडाच्या बाजारात गेल्या.

तेथे सुताराची जुनी करामत कामास आली. खाचेत बसविलेले लाकूड न फोडता सोडविता येते. मस्तानीचा म्हणून ओळखला जाणारा कोथरूडचा महाल असाच पुण्यात केळकर संग्रहालयात पुन्हा उभा करण्यात आला. बाकीच्या लाकडाला असे भाग्य लाभले नाही. त्यातले काही उपाहारगृहाच्या दाराशी शोभेला उभे राहिले, काहीची मेजे झाली, काही बंबात गेले. मेजाखाली वाकून पाहिले तर एखाद्या बाजूला बुजविलेली खाच दिसते. त्या खाचेत एकदा दुसरे लाकूड बसत होते, आणि त्यावर एक अख्खे घर नांदत होते.