प्रयोगकर्ता कोण, प्रयुक्त कोण?

आमच्या वेळी बी. ए. ला मानसशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षी प्रात्यक्षिक असे. टेबलाच्या एका बाजूला एक विद्यार्थी बसे, तो प्रयोगकर्ता. समोर दुसरा, तो प्रयुक्त. मध्ये लाकडी पडदा. स्टॉपवॉच प्रयोगकर्त्याच्या हाती. सूचना त्याने द्यायच्या, नोंदी त्याने करायच्या, निष्कर्ष त्याने काढायचा. प्रयुक्ताने सांगितले तेवढे करायचे. प्रयोग संपला की जर्नलमध्ये ‘अंतर्निरीक्षण’ या मथळ्याखाली आपल्याला काय वाटले ते प्रयुक्ताने लिहायचे. आमच्या वर्गातल्या सगळ्यांच्या जर्नलमध्ये त्या जागी एकच मजकूर होता. सूचना स्पष्ट होत्या, प्रयोग करताना आनंद वाटला. आदल्या वर्षीच्या कुणाच्या तरी जर्नलमधून तो उतरवून घेतलेला होता, आणि त्यानेही तो तसाच उतरवलेला असणार.

एका प्रात्यक्षिकात कुटुंबाचा सामाजिक-आर्थिक दर्जा मोजायचा होता. बी. कुप्पुस्वामी यांची 1976 सालची श्रेणी, शहरी कुटुंबांसाठी केलेली. कुटुंबप्रमुखाचे शिक्षण, व्यवसाय आणि उत्पन्न, तिन्हींना गुण. अशिक्षित असेल तर 1. अकुशल कामगार असेल तर 2. माझे वडील औरंगाबादच्या जुन्या मोंढ्यात हमाली करत. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. मी प्रयुक्त होतो; समोरच्या मित्राने विचारले, मी उत्तर दिले, त्याने आकडे मांडले. त्या दिवशी घरी गेलो तेव्हा वडील जेवत होते. कोणत्या आडत्याकडे किती पोती उतरवली, कोणाची हमाली किती राहिली, हे सारे ते आईला तोंडी सांगत होते. आठवड्याचा हिशेब त्यांच्या डोक्यात असे, एक पोते इकडचे तिकडे होत नसे. त्याच आठवड्यात आम्ही स्मरणाचा प्रयोग केला होता. निरर्थक शब्दांची यादी पाठ करायची, हेरमान एबिंगहाउस यांनी 1885 साली मांडलेल्या पद्धतीची. वडिलांची स्मृती मोजायला मात्र आमच्या प्रयोगशाळेत कोणतेच यंत्र नव्हते.

मी आज हाच विषय महाविद्यालयात शिकवतो. म्हणून ही तक्रार म्हणून नव्हे, हिशेब म्हणून लिहीत आहे. या शास्त्राच्या इतिहासात आमचा माणूस कोठे बसला, त्याला कोणी बसविले, आणि खुर्ची बदलली तेव्हा काय झाले, हे आमच्या विद्यार्थ्याला कळले पाहिजे.

अभ्यासक्रमातला इतिहास थोडक्यात असा. 1879 साली जर्मनीत लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी प्रयोगशाळा काढली आणि मानसशास्त्र तत्त्वज्ञानापासून वेगळे झाले. भारतात 1905 साली ब्रजेंद्रनाथ सील यांनी कलकत्ता विद्यापीठासाठी प्रायोगिक मानसशास्त्राचा अभ्यासक्रम आखला. 1916 साली तेथे विभाग सुरू झाला. हार्वर्डहून शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता त्याचे प्रमुख झाले. 1924 साली म्हैसूरला एम. व्ही. गोपालस्वामी यांनी विभाग उभा केला. (याच गोपालस्वामींनी 1935 साली म्हैसूरला ‘आकाशवाणी’ नावाचे खासगी नभोवाणी केंद्र काढले. परीक्षेत हे विचारत नाहीत, विद्यार्थ्यांच्या लक्षात मात्र हेच राहते.)

1916 हे साल आमचे विद्यार्थी घोकून पाठ करतात. पण त्याच 1916 साली, 9 मे रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या एका भारतीय विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला. भीमराव आंबेडकर हे त्याचे नाव. जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे, हा त्या निबंधाचा सिद्धान्त सर्वांना माहीत असतो. पण एका वर्गाने स्वतःभोवती दार लावून घेतल्यावर ते लोण साऱ्या समाजात पसरले कसे, हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मानसशास्त्रीय आहे. बाबासाहेबांनी तेथे फ्रेंच विचारवंत गाब्रिएल तार्द यांच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतला. वरच्याचे अनुकरण खालचा करतो, आणि जितके अंतर कमी तितके अनुकरण गाढ. ज्यांनी अनुकरण केले नाही त्यांच्यावर मात्र दार बाहेरून बंद झाले. यातले पहिले स्पष्टीकरण मानसशास्त्रीय आणि दुसरे यांत्रिक आहे, आणि जातीची उत्पत्ती समजायला दोन्ही लागतात, हे त्यांनी स्वतःच त्या निबंधात नोंदवले आहे.

कोलंबियात ते ज्यांच्या वर्गात बसत ते जॉन ड्यूई 1899 साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष होते. पुढे 1936 साली ‘जातिनिर्मूलना’च्या न झालेल्या भाषणात बाबासाहेब म्हणतात की जात ही पाडता येण्याजोगी विटांची भिंत नसून ती मनाची एक अवस्था आहे. हे वाक्य आम्ही सभांतून शंभरदा ऐकले. मानसशास्त्राच्या वर्गात तीन वर्षांत एकदाही नाही. मुलांना अनुकरण शिकवले ते पुतळ्याला मारणाऱ्या लहान मुलांच्या अमेरिकन प्रयोगावरून. तो प्रयोग शिकवू नये असे मी म्हणत नाही, मीही शिकवतो. पण एकाच सालातल्या दोन घटनांपैकी एक परीक्षेला यावी आणि दुसरी येऊ नये, ही निवड कोणाची?

आता बुद्धिमापनाकडे येऊ, कारण आमच्या माणसांचा या शास्त्राशी खरा संबंध तेथे आला. 1905 साली आल्फ्रेद बिने यांनी पॅरिसमध्ये कसोटी केली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. बुद्धी जन्मजात आणि कायम ठरलेली असते, या मताला त्यांचा विरोध होता. कसोटी अमेरिकेत गेली आणि तिचा अर्थच पालटला. बोटीतून उतरणाऱ्या गरीब स्थलांतरितांना हेन्री गोडार्ड यांनी एलिस बेटावर कसोट्या लावल्या आणि बहुसंख्यांना मंदबुद्धी ठरवले. कार्ल ब्रिगम यांनी 1923 साली पुस्तक लिहून युरोपातल्या वंशांची उतरंड लावली. 1924 साली स्थलांतर रोखणारा कायदा झाला. 1930 साली ब्रिगम यांनी आपले निष्कर्ष निराधार असल्याची कबुली दिली. कायदा मात्र तसाच राहिला. उतरंड हा शब्द आम्हांला परका नाही; येथे ती धर्मशास्त्राने लावली, तेथे आकडेशास्त्राने.

मराठी मुलांसाठी बिनेची कसोटी आणली ती व्ही. व्ही. कामत यांनी. मुंबई-कर्नाटक भागातल्या मराठी आणि कन्नड भाषिक मुलांसाठी त्यांनी तिचे रूपांतर केले. त्यावरचे त्यांचे पुस्तक 1940 साली निघाले. काम कष्टाचे होते, त्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण त्याच काळाच्या तोंडावर, 1928 साली, मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली होती आणि बाबासाहेब तिचे सभासद होते. अस्पृश्यांच्या मुलांना शाळेत वेगळे बसवावे की नाही, हा प्रश्न त्या समितीपुढे होता. व्हरांड्यात बसून धडा ऐकणाऱ्या मुलाला आणि फळ्यासमोर बसणाऱ्या मुलाला एकच कसोटी लावली, तर आकडा नेमका कशाचा येतो? मुलाच्या बुद्धीचा की बसण्याच्या जागेचा?

हा प्रश्न अमेरिकेत विचारला गेला, आणि विचारला तो काळ्या माणसांनीच. मेमी फिप्स क्लार्क आणि केनेथ क्लार्क हे जोडपे. दोघांनीही मानसशास्त्रातली डॉक्टरेट कोलंबियातून घेतली, केनेथ यांनी 1940 साली आणि मेमी यांनी 1943 साली. त्या विभागातून ही पदवी मिळवणारे ते पहिले दोन काळे विद्यार्थी. बाबासाहेब ज्या विद्यापीठातून शिकून आले तेच हे विद्यापीठ. त्यांनी काळ्या मुलांपुढे चार बाहुल्या ठेवल्या. रंग सोडला तर सगळ्या सारख्या. चांगली कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती? बरीच मुले गोरी बाहुली चांगली म्हणत, काळी वाईट म्हणत, आणि शेवटच्या प्रश्नाला काही मुले रडू लागत. या प्रयोगावर पुढे आक्षेप आले, नमुना लहान होता असे म्हटले गेले. ते असो. 17 मे 1954 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा निकालपत्राच्या अकराव्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा हवाला होता. 1972 साली आमच्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले. क्लार्क दांपत्याची बाहुली मात्र आमच्यापर्यंत पोहोचली नाही.

पोहोचायला हवी होती ती औरंगाबादला. मराठवाडा 1948 सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया, आणि तेथली भाषा उर्दू. 1950 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय काढले तेव्हा खेड्यापाड्यांतल्या अस्पृश्य मुलांना उच्च शिक्षणाचे दार प्रथम दिसले. बाबासाहेबांनी त्याला मिलिंद हे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने या नावांजवळ थोडे थांबावे. राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्षू नागसेन उत्तर देतो. ‘मी’ म्हणजे काय? रथाची चाके म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, मग रथ कोठे आहे? स्मृती कशाने जागी होते? स्वप्न का पडते? लाइपझिगच्या प्रयोगशाळेआधी कितीतरी शतके हे प्रश्न पाली भाषेत विचारले गेले होते. शिवाय येथे प्रश्न करणारा राजा आहे आणि तोही ऐकून घेतो. पडद्याआडून नोंदी करीत नाही.

23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. 27 जुलै 1978 रोजी त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या खेड्यांत दलितांची घरे पेटली. माझी आई तेव्हा नऊ वर्षांची होती. त्या रात्री ती मोठ्या बहिणीबरोबर उसाच्या फडात बसून होती. आजही कोठे पाचट जळाल्याचा वास आला की ती उठते आणि दाराची कडी पाहते. तिच्या भाषेत याला ‘जीव घाबरा होणे’ म्हणतात. अमेरिकेच्या मनोविकारांच्या सूचीत आघातोत्तर तणावाचा विकार दाखल झाला तो 1980 साली, व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या निमित्ताने. म्हणजे आईच्या रात्रीनंतर अवघ्या दोन वर्षांनी. मी हा विकार शिकलो तो त्या सैनिकांच्या उदाहरणाने, आणि परीक्षेत त्यांचेच उदाहरण लिहून गुण मिळवले. ते लिहिताना मला आई आठवली नाही, हे मला आज अधिक टोचते. विद्यापीठाचे नामांतर व्हायला 14 जानेवारी 1994 हा दिवस उजाडला.

आणखी एक प्रसंग. तिसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी आधी माझे पूर्ण नाव विचारले, मग गाव, मग गावात घर कोणत्या बाजूला. त्यानंतर त्यांनी एबिंगहाउसचा विस्मरणाचा वक्र विचारला. आदल्या रात्री तो मी मित्रांना समजावून सांगितला होता. त्या खोलीत मला त्याचा आकारही आठवेना. बाहेर आल्यावर मी स्वतःला मठ्ठ म्हटले. पुढे कितीतरी दिवसांनी कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा 2006 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचनात आला. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतले सहावी-सातवीचे 642 मुलगे, निम्मे उच्च जातींचे आणि निम्मे खालच्या मानलेल्या जातींचे. त्यांना कागदावरची कोडी, चक्रव्यूहातून वाट काढायची, सोडवायला दिली. सुटलेल्या प्रत्येक कोड्याला पैसे. जातीचा उच्चार नव्हता तेव्हा दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. सर्वांदेखत नाव आणि जात पुकारली तेव्हा खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी सुमारे एक पंचमांशाने घसरली. मुले तीच, कोडी तीच.

हे वाचून मला बरे वाटले असे म्हणणार नाही. पण माझे विस्मरण हे केवळ माझे नव्हते, एवढे तरी कळले. विशेष म्हणजे हा अभ्यास करणाऱ्या दोघी अर्थतज्ज्ञ. तो छापला गेला अर्थशास्त्राच्या नियतकालिकात. मानसशास्त्राच्या विभागांत आमचे विद्यार्थी पिढी दोन पिढ्या बसत आहेत, प्रबंध होत आहेत. त्यांतले बरेच समायोजन, चिंता, आत्मसंकल्पना यांची तयार मापनश्रेणी घेतात, आरक्षित प्रवर्गाचे इतके आणि खुल्या प्रवर्गाचे इतके असे दोन गट पाडतात आणि फरक सार्थ आहे की नाही ते सांगतात. समायोजन कोणी कोणाशी करायचे, हे त्या श्रेणीला कोणी विचारत नाही. आमचाच मुलगा प्रयोगकर्त्याच्या खुर्चीत बसतो आणि जुन्याच सूचना वाचून दाखवतो. नुसती खुर्ची मिळून भागत नाही ते असे.

गेल्या वर्षी माझ्या वर्गात पैठण तालुक्यातली एक मुलगी होती. आईबाप ऊसतोडीला जाणारे; सहा महिने कारखान्यावर, सहा महिने गावात मजुरीला. सामाजिक-आर्थिक दर्जाच्या प्रात्यक्षिकात ती व्यवसायाच्या रकान्यापाशी अडली. म्हणाली, “सर, कोयता आईबापाचा मिळून एकच धरतात. उचल दोघांच्या नावावर असते. मग कुटुंबप्रमुख कोण लिहू?” श्रेणीत याला उत्तर नव्हते, माझ्याकडेही नव्हते. मी म्हटले, अडचण अंतर्निरीक्षणात लिही. तिने आधी पेन्सिलीने लिहिले आणि परीक्षक काय म्हणतील ते विचारले. मी पेनाने लिहायला सांगितले. दोन पाने झाली. फडावरच्या पालात आई पहाटे किती वाजता उठते येथपासून तिने सुरुवात केली होती.