दिनविशेष : ५ ऑक्टोबर १९६२ – एका दिवसाची खानेसुमारी

सीरियाच्या ईशान्येला, तुर्कस्तान आणि इराकच्या सीमांना भिडलेल्या हसाका प्रांतात आजच्या दिवशी जनगणना झाली. तीही एकाच दिवसात, आणि फक्त याच प्रांतात. कुर्दांची मोठी वस्ती इथलीच, हा काही योगायोग नव्हे. तुर्कस्तानातून घुसलेले लोक हुडकायचे आहेत, असे सरकारचे म्हणणे होते. १९४५ पूर्वीपासून आपण इथे राहतो, याचा कागद दाखवायचा. खेड्यातल्या शेतकऱ्याने तो आणायचा कुठून?

मोजणी संपली तेव्हा सुमारे १ लाख २० हजार कुर्दांचे नागरिकत्व गेले होते. एकाच घरात एक भाऊ नागरिक, तर दुसरा परका, असेही झाले. देशाचे माजी लष्करप्रमुख तौफिक निझामुद्दीन यांचेही नाव गळाले!

यादीत ‘अजानिब’, म्हणजे परके, ठरलेल्यांना लाल ओळखपत्र मिळाले. त्यावर ना मतदान, ना पासपोर्ट, ना जमीन नावावर. ‘मकतूम’, म्हणजे नोंदच नसलेले, यांच्या हाती तेही नव्हते. फार तर गावच्या मुख्तारने, म्हणजे गावप्रमुखाने, लिहून दिलेला दाखला. हा शिक्का पुढे मुलानातवंडांवरही बसला.

अरब जगात उठाव पेटल्यावर, ७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद यांनी अजानिबांना नागरिकत्व देण्याचा हुकूम काढला. मकतूमांचा त्यात उल्लेख नव्हता.